अपील केलं म्हणून शिक्षा वाढत नाही

"वर जाऊ नका, पाच वर्षांची दहा होतील." सोलापूरच्या कोर्टाच्या आवारात निकालानंतर भांबावलेल्या नातेवाइकांना हा सल्ला हमखास मिळतो. देणारा बहुधा वकील नसतोच, कुणाचा तरी मेहुणा असतो. घरचे घाबरतात आणि अपिलाची मुदत तशीच निघून जाते.

कायदा याबाबत अगदी स्पष्ट आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 427 नुसार (जुन्या संहितेतलं 386) दोषी ठरलेल्याच्या अपिलात न्यायालय त्याला सोडू शकतं, खटला पुन्हा चालवायला सांगू शकतं, शिक्षा कमी करू शकतं. वाढवू शकत नाही. "पण उच्च न्यायालय स्वतःहून वाढवेल ना?" असं काही जाणतेही विचारतात. जून 2025 मध्ये नागराजन विरुद्ध तमिळनाडू सरकार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की आरोपीच्याच अपिलात पुनरीक्षणाचा अधिकार वापरून शिक्षा वाढवता येत नाही.

मग शिक्षा वाढल्याच्या बातम्या खोट्या का? नाही, पण तिथे बहुधा सरकार अपिलात गेलेलं असतं. नाशिक जिल्ह्यातल्या 2003 च्या एका खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने सहापैकी तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. राज्य सरकार वर गेलं आणि 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही फाशी सुनावली. सरकारची ही वाट आरोपी गप्प बसला तरी खुलीच असते. मेहुणे मंडळी या खटल्याचा शेवट मात्र सांगत नाहीत: 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाखांची भरपाई देववली.

"खाली मुद्दा मांडला नाही, आता संपलं," हे अर्धसत्य. साक्षीदाराला न विचारलेला प्रश्न वर उकरणं अवघड. दोषारोपात चूक असेल तर हरकत वेळेवर का घेतली नाही, हे न्यायालय पाहतंच. निव्वळ कायद्याचा मुद्दा मात्र अपिलात प्रथमच मांडता येतो. शिक्षेबाबत आरोपीचं म्हणणं ऐकणं तर न्यायाधीशाचंच कर्तव्य. मानवतच्या हत्याकांड खटल्यात (1977) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की ते राहून गेलं असेल तर प्रकरण खाली धाडायलाच हवं असं नाही, वरचं न्यायालयही ते ऐकू शकतं. शिक्षेची फेरसुनावणी म्हणजे सुटका मात्र नव्हे. नागपूरच्या एका प्रकरणात ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फक्त शिक्षेचा प्रश्न पुन्हा उघडला, दोषसिद्धी कायम राहिली.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. वकील गैरहजर म्हणून दाखल झालेलं फौजदारी अपील निकालात काढता येत नाही, कागदपत्रं पाहून गुणावगुणांवरच निर्णय द्यावा लागतो (बानी सिंग, 1996). गुन्हा कबूल केलेल्यालाही शिक्षेचं प्रमाण आणि वैधता यांपुरतं अपील आहे. शिक्षा कमी वाटते म्हणून पीडिताला अपील करता येत नाही, ते सरकारनेच करायचं.

आणि हो, मुंबईची वारी आता नको. 18 ऑगस्ट 2025 पासून सोलापूरची प्रकरणं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात. सत्र न्यायालयाच्या निकालावर तिथे अपिलाची मुदत 60 दिवस, फाशी असेल तर 30. कैद्याला तुरुंग अधीक्षकांमार्फतही अपील पाठवता येतं आणि त्याला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. विधी सेवा हेल्पलाइनचा क्रमांक 15100.