शाकारणीचा काळ : कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील छपरांचे आयुष्य

मराठीत ‘शाकारणे’ हे एक अर्थपूर्ण क्रियापद आहे. घर बांधणे हे एकदाच होते, शाकारणे मात्र पुन्हापुन्हा करावे लागते. छप्पर ही कायमची वस्तू नसून ठराविक काळाने नवी करावयाची वस्तू आहे, ही जाणीव या शब्दातच अंतर्भूत आहे. कोकणात शाकारणी मृगापूर्वी उरकतात. तंजावरकडे पावसाचा मोठा भाग ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत येतो, म्हणून तेथील शाकारणीचा हंगाम निराळा. परंतु प्रश्न दोन्हीकडे एकच आहे : उन्हापासून व पावसापासून घराचे रक्षण करणारे आच्छादन किती काळ टिकते, आणि ते केव्हा बदलावे?

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील गावांत या आच्छादनाची परंपरागत साधने तीन होत : भाताचा पेंढा, ताडाची पाने आणि माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप. या झापांना तमिळमध्ये ‘कीट्रु’ व छपराला ‘कूरै’ म्हणतात. झावळी मधोमध चिरून पाण्यात भिजत घालतात व मऊ झाल्यावर विणतात. अशा छपराखाली भर उन्हाळ्यातही गारवा राहतो, याचे कारण पानापेक्षा पानांच्या थरांत कोंडलेल्या हवेत आहे. स्थिर हवा उष्णतेची अत्यंत मंद वाहक असते. आधुनिक इमारतींत वापरली जाणारी काचतंतूंची वा फेसाची उष्णतारोधके याच तत्त्वावर चालतात.

या तत्त्वातूनच छपराच्या आयुष्याचा नियमही निघतो. पाणी हे स्थिर हवेच्या वीसपटींहून अधिक उष्णता वाहून नेते. म्हणजे थरांतील हवेची जागा ओलाव्याने घेतली की छप्पर जागेवर असूनही त्याचे उष्णतारोधनाचे कार्य थांबते. म्हणून उतार तीव्र ठेवतात, जेणेकरून पाणी मुरण्यापूर्वीच निथळून जावे. चुलीचा धूर पानांतून झिरपत राहिला की कीड व वाळवी दूर राहते, आणि चूल विझलेल्या रिकाम्या घराचे छप्पर लवकर कुजते. माडाचे झाप साधारणतः एक-दोन वर्षांत, फार तर तिसऱ्या वर्षी बदलावे लागतात. ताडाची पाने त्याहून अधिक वर्षे टिकतात. पेंढ्यावर मात्र दरवर्षी नवा थर चढवावा लागतो.

बदलण्याची वेळ दिनदर्शिकेपेक्षा छप्परच अधिक नेमकेपणाने सांगते. पाने काळवंडून बोटांनी चुरली जाऊ लागणे, दिवसा आतून उजेडाचे कवडसे दिसणे, पाऊस थांबल्यानंतरही कुबट वास राहणे, वाशांमध्ये झोळ पडणे ही त्याची लक्षणे होत. गळती हे शेवटचे लक्षण आहे. ती दिसू लागेपर्यंत वासेही कुजू लागलेले असतात. एका भागातच दोष असेल तर तेवढे झाप बदलून भागते, पण ओल खालच्या थरापर्यंत पोचली असेल तर वरून नवा थर घालणे म्हणजे कुजणे झाकणे होय.

सधन घरांची रीत निराळी होती. लाकडी तुळयांवर पातळ विटा चुन्यात तिरप्या व उभ्या बसवून, वर विटांच्या तुकड्यांचा चुनेगच्चीचा थर देत. चुन्यात गूळ व हिरड्याचे पाणी मिसळत. हे आच्छादन अनेक दशके टिकते, पण तेही अमर नाही. ठोकल्यावर पोकळ आवाज येऊ लागला वा भेगांतून गवत उगवले, की तो थर उकलून नव्याने घालावा लागतो.

साहित्याच्या अभ्यासकाला या नित्य नूतनीकरणात एक ओळखीची गोष्ट दिसेल. जो ताड झोपडीला छप्पर देतो, तोच ग्रंथालाही पाने देतो. दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८–१८३२) यांनी समृद्ध केलेल्या तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रांचा मोठा संग्रह आहे. तेथील मराठी पोथ्या बव्हंशी कागदावर आहेत. पान कोरडे ठेवले, तेल लावले, तर ते शतके टिकते. मात्र त्याहून जुना ग्रंथ टिकतो तो कोणीतरी त्याची नवी प्रत केली म्हणूनच. पान नश्वर असते, परंपरा नक्कल करणाऱ्या हातांवर जगते. छपराचेही तसेच आहे.

परंतु हा साम्यबोध सौंदर्याच्या पातळीवर थांबवणे अन्यायाचे होईल. शतकानुशतके या प्रदेशात छपराचा प्रकार हा जातीचा व जमिनीच्या मालकीचा निदर्शक होता. २५ डिसेंबर १९६८ रोजी तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी येथे मजुरीवाढ मागणाऱ्या दलित शेतमजुरांच्या कुटुंबांतील ४४ जण एका झोपडीत जाळले गेले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. इंदिरा पार्थसारथी यांच्या ‘कुरुतिप्पुनल’ या कादंबरीमागे हीच घटना आहे, आणि त्या कादंबरीला १९७७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणम येथील एका शाळेत स्वयंपाकघरातील आग पाल्याच्या छपराला लागून ९४ बालके मृत्युमुखी पडली. त्यानंतर शाळांवरील अशी छपरे हटवण्यात आली. नोव्हेंबर २०१८ मधील ‘गज’ चक्रीवादळाने झोपड्यांबरोबर माडांच्या बागाही आडव्या केल्या. छप्पर गेले आणि नव्या छपराचे साहित्य देणारे झाडही गेले.

म्हणूनच, गारव्याचे कितीही गुणगान केले तरी, झोपडीत राहणाऱ्याची पक्क्या घराची मागणी नाकारता येत नाही. तमिळनाडू शासनाने २०२४ साली जाहीर केलेल्या योजनेत २०३० पर्यंत ८ लाख पक्की घरे बांधून राज्य झोपडीमुक्त करण्याचे उद्दिष्ट आहे. मात्र उघडा काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन साठवून रात्री ते खोलीत सोडतो. त्यावर चुनेगच्चीचा वा तत्सम उष्णतारोधक थर दिला नाही, तर आगीपासून मिळालेली सुरक्षितता उष्म्याच्या मोबदल्यात मिळते. तो थर दिला तरी त्याचीही ओल तपासावी लागेल, भेगा बुजवाव्या लागतील आणि काही दशकांनी तो बदलावा लागेल. छप्पर पक्के झाले तरी शाकारणी संपत नाही, तिचे अंतर तेवढे वाढते. पूर्वी ज्यांना दर दोन वर्षांनी छपरासाठी मजुरीतून पैसे वेगळे काढावे लागत, त्यांच्या दृष्टीने हे वाढलेले अंतर हीच खरी प्राप्ती होय.