इंग्रजी बोलताना मान कशी हलवावी?



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत, पाणी सोडून इंग्रजीवर कशाला लिहावे, असे तुम्ही म्हणाल. पण हल्ली शिवारात गेलो की बांधावर हाच विषय निघतो. "साहेब, पोरगं इंग्रजीत पास झालंय, पण मुलाखतीला गेलं की तिथं अडतंय." अडते कुठे, ते पाहू.

काही वर्षांपूर्वी एक परदेशी पाहुणे आपल्याकडचा ऊस पाहायला आले होते. दुभाषा मीच. त्यांनी एका सभासदाला विचारले, ठिबकने पाणी वाचले का? सभासदाने आपल्या रीतीप्रमाणे मान डावी-उजवीकडे डोलावली. म्हणजे 'हो, वाचलं की!' पाहुण्यांनी वहीत लिहिले, 'नाही'. वहीकडे माझे लक्ष गेले म्हणून चूक सुधारली. शब्द मी सांगितले असते, पण मान सांगायची राहिली.

अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९५९ साली 'द सायलेंट लँग्वेज' या पुस्तकात या न बोलल्या जाणाऱ्या भाषेचाच विचार मांडला. आपण वडीलधाऱ्यांपुढे नजर खाली ठेवतो, तो मान. इंग्लंड-अमेरिकेत मात्र नजर टाळणारा माणूस काही लपवतो आहे, असे वाटू शकते. मुलाखतीत मूल इथेच फसते.

बोलण्यातही संस्कृती असते. निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. तेच शब्दशः इंग्रजीत सांगून दाराबाहेर पडलात तर ऐकणारा वाट बघत बसेल! आपला आदर क्रियापदातच असतो: बस, बसा, बसावे. इंग्रजीत लहानथोर सर्वांना एकच 'यू'. तिथे आदराचे काम 'प्लीज', 'कुड यू' आणि आवाजाचा चढउतार करतात. म्हणून आपला सरळ माणूस नुसते 'गिव्ह मी वॉटर' म्हणाला तर तो उद्धट ठरतो.

यावर उपाय काय? जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात कृतीतून भाषा शिकवण्याची पद्धत मांडली. शिक्षकाने 'स्टँड अप', 'ओपन द डोअर' म्हणायचे आणि मुलांनी तसे करायचे. बोलण्याची घाई नाही, आधी ऐकणे आणि करणे. घरी याला पैसा लागत नाही. थोरल्या मुलीने हुकूम द्यावा, धाकट्याने पाळावा, आजीने हसावे. मुलाखतीची तालीमही अशीच घ्या: ताठ बसणे, समोर पाहणे, 'हो' म्हणताना मान वरखाली हलवणे.

एक सावधगिरी. 'बोलण्यात शब्दांना फक्त ७ टक्के महत्त्व' असे काही क्लासवाले सांगतात. तो आकडा आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील प्रयोगांचा आहे, आणि तोही फक्त भावना व आवडनिवड ओळखण्यापुरता. शब्दसंपत्ती आणि व्याकरण यांना पर्याय नाही.

आपली रीत सोडा, असे माझे म्हणणे नाही. जमीन बदलली की आपण सरीचे अंतर बदलतो, शेती सोडत नाही. तसेच हे. घरी नजर खाली असू द्या, मुलाखतीत समोर असू द्या.

— ऊस विकास अधिकारी