कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं?

२२ सप्टेंबर २०१३. ह्यूस्टन ॲस्ट्रोज या बेसबॉल संघाचा सामना टीव्हीवर चालू होता, आणि नील्सन कंपनीने प्रेक्षकमोजणीसाठी निवडलेल्या ह्यूस्टनमधल्या घरांपैकी एकाही घरात तो लागलेला नव्हता. आकडा आला ०.०. त्या हंगामात संघ १६२पैकी १११ सामने हरला. आदल्या वर्षी १०७ हरला होता, त्याच्या आदल्या वर्षी १०६. न्यूयॉर्क यँकीजच्या एकट्या अलेक्स रॉड्रिग्जचा पगार ह्यूस्टनच्या अख्ख्या संघाच्या पगारापेक्षा जास्त होता. आणि चार वर्षांनी, १ नोव्हेंबर २०१७ला, हाच संघ वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकला.

संघ मुद्दाम पाडायचा आणि नव्याने उभा करायचा, ही चाल अमेरिकी बेसबॉलमध्ये गेल्या पंधरा वर्षांत एवढी रुळली की आता तिचं कुणाला काही वाटत नाही. पाडणं सोपं असतं. महागडे खेळाडू विकले की पाडकाम झालं. अवघड प्रश्न त्यानंतर येतो: जे उरले आहेत आणि जे येणार आहेत, त्यांतल्या कुणाच्या भोवती संघ उभा करायचा? या लेखात अशा पाच-सहा संघांचा हिशेब मांडतो आहे.

आधी दोन नियम समजून घ्यावे लागतील, कारण सगळी गणितं तिथून सुटतात. युरोपातल्या फुटबॉलप्रमाणे मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये, तळाचा संघ खालच्या लीगमध्ये ढकलला जात नाही. उलट हरणाऱ्याला पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपात, आधी निवड मिळते. (फार निर्लज्जपणे हरणं वाढलं म्हणून अलीकडे पहिल्या काही क्रमांकांसाठी सोडत काढतात.) दुसरा नियम जास्त महत्त्वाचा. खेळाडू मेजर लीगमध्ये आला की सहा वर्षांची सेवा भरेपर्यंत त्याच्यावर संघाचा हक्क असतो. पहिली तीनेक वर्षं तो किमान पगाराच्या आसपास खेळतो, पुढची तीन लवादाच्या धाकाने पगार चढत जातो, आणि मग तो मोकळा. म्हणजे चोवीस वर्षांचा उत्तम खेळाडू संघाला बाजारभावाच्या अगदी थोड्या अंशात मिळतो. याउलट शंभर सामने हरणाऱ्या संघातला तिशीचा तारा कितीही लाडका असला, तरी संघ जिंकायला लागेल तेव्हा तो चौतिशीला पोचलेला असतो, बहुधा दुसऱ्याच गावात. म्हणून त्याला विकायचं आणि बदल्यात तीन-चार पोरं घ्यायची, असा हा व्यवहार.

आपल्याकडे आयपीएलमध्ये हा प्रश्न इतका टोकाला जात नाही. दर काही वर्षांनी महालिलाव होतो, पत्ते पुन्हा पिसले जातात, आणि कुणाला राखायचं हा वाद पाच-सहा नावांवर संपतो. बेसबॉलमध्ये चुकीच्या माणसावर विश्वास टाकला तर दशक जातं.

ह्यूस्टनची गोष्ट सांगताना नेहमी जेफ लुनाऊचं नाव घेतलं जातं. डिसेंबर २०११मध्ये तो सेंट लुईसहून जनरल मॅनेजर म्हणून आला आणि त्याने विदाशास्त्रज्ञांची फौज बसवली. संगणकांनी खेळाडू शोधले आणि संघ उभा राहिला, अशी ती आख्यायिका. मला ती अर्धीच पटते. २०१७च्या संघाचे तीन मुख्य खांब लुनाऊ यायच्या आधीच घरात होते. होसे आल्तुवे हा व्हेनेझुएलाचा, उंची पाच फूट सहा इंच. निवड चाचणीला गेला तेव्हा पहिल्या दिवशी ‘तू फार ठेंगणा’ म्हणून परत पाठवला, दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, आणि शेवटी १५ हजार डॉलरला करारबद्ध झाला. डावखुरा पिचर डॅलस कायकल २००९च्या ड्राफ्टमध्ये सातव्या फेरीत मिळालेला. आउटफिल्डर जॉर्ज स्प्रिंगर २०११मध्ये अकराव्या क्रमांकावर निवडलेला. आल्तुवे पुढे तीन वेळा फलंदाजीत अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एक) पहिला आला आणि २०१७ला तिथलाच सर्वोत्तम खेळाडू ठरला. कायकलने २०१५ला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला. स्प्रिंगरने २०१७च्या वर्ल्ड सिरीजमध्ये पाच होमरन मारले.

त्यामुळे लुनाऊचं खरं श्रेय यांना शोधण्याचं नाही, यांना न विकण्याचं आहे. कायकलचं उदाहरण पाहा. २०१२मध्ये त्याची सरासरी (दर नऊ डावांमागे दिलेल्या धावा) ५.२७ होती, २०१३मध्ये ५.१५. बेसबॉलमध्ये पिचरची अशी सरासरी म्हणजे घरी जायची तयारी. संघ नाहीतरी हरत होता, म्हणून त्याला चेंडू मिळत राहिला. २०१४ला तो २.९३वर आला. हरणाऱ्या संघाकडे खरी श्रीमंती कसली असते, तर अशा माणसाला शिकायला दोन वर्षं देता येण्याची.

आणि हीच श्रीमंती ह्यूस्टनने एका माणसाच्या बाबतीत वापरली नाही. जे. डी. मार्टिनेझने २०१३च्या हिवाळ्यात आपली बॅट फिरवण्याची पद्धत मुळापासून बदलली. मार्च २०१४मध्ये सराव सामन्यांत त्याला जेमतेम काही संधी मिळाल्या आणि ह्यूस्टनने त्याला फुकट सोडून दिलं. डेट्रॉइटने लगेच उचललं. त्या वर्षी त्याने २३ होमरन मारले, २०१७मध्ये ४५, आणि २०१८मध्ये बॉस्टनकडून खेळताना ह्यूस्टनलाच हरवून तो वर्ल्ड सिरीजला गेला आणि जिंकला. मागच्या आकड्यांवरून माणूस ठरवणाऱ्यांना तो परवा काय शिकून आला ते दिसलं नाही.

ड्राफ्टची कहाणीही सरळ नाही. तीन वर्षं लागोपाठ पहिली निवड ह्यूस्टनकडे होती. २०१२ला कार्लोस कोरेया घेतला, ठरलेल्या रकमेपेक्षा बऱ्याच कमी पैशांत, आणि वाचलेल्या पैशांतून ४१व्या क्रमांकावर लान्स मॅकलर्स हा पिचर पटवला. एका निवडीत दोन माणसं, फार हुशारीचं काम. २०१३ला मात्र पिचर मार्क ॲपल घेतला. त्याच्या मागोमाग दुसऱ्या क्रमांकावर शिकागो कब्जने घेतला ख्रिस ब्रायंट. ॲपल ह्यूस्टनकडून मेजर लीगमध्ये एकही चेंडू टाकू शकला नाही. मध्ये खेळच सोडला, आणि २०२२ला, तिशी पार केल्यावर, फिलाडेल्फियाकडून त्याचं पदार्पण झालं. २०१४ला ब्रेडी एकन हा शाळकरी डावखुरा पिचर निवडला, तपासणीत त्याच्या कोपराबद्दल शंका निघाली, रक्कम कमी केली, वाद पेटला आणि करारच झाला नाही. सगळीकडे छी-थू झाली. पण नियमाने भरपाई म्हणून पुढच्या वर्षी दुसरी निवड मिळाली आणि तिच्यातून आला अलेक्स ब्रेगमन. नशीब म्हणतात ते हेच, आणि यशस्वी पुनर्बांधणीच्या पुस्तकांत त्याला फारशी जागा मिळत नाही.

अर्थात २०१७च्या विजयाला डाग आहे. त्या हंगामात ह्यूस्टनचा संघ कॅमेऱ्याने प्रतिस्पर्धी कॅचरच्या खुणा टिपून कचऱ्याचा डबा बडवून आपल्या फलंदाजांना इशारे देत होता, हे २०१९च्या अखेरीस उघड झालं. जानेवारी २०२०मध्ये लुनाऊ आणि व्यवस्थापक ए. जे. हिंच यांच्यावर वर्षभराची बंदी आली, मालकाने दोघांना काढलं, ५० लाख डॉलर दंड झाला. विजेतेपद मात्र काढून घेतलं नाही. चोरी नसती तर काय झालं असतं यावर अजून भांडणं होतात. एवढं खरं की हा संघ २०१७ ते २०२३ सलग सात वर्षं अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत पोचला आणि २०२२ला पुन्हा जिंकला. निव्वळ डबा बडवून हे होत नाही.

शिकागोत याच काळात एकाच शहरात दोन प्रयोग झाले. कब्जचा कारभारी थिओ एपस्टीन ऑक्टोबर २०११मध्ये आला आणि त्याने एक गोष्ट पक्की धरली: खांब फलंदाजांचे करायचे, पिचर नंतर मिळवायचे. पिचरचा खांदा आणि कोपर कधी दगा देईल सांगता येत नाही, हे त्यामागचं कारण. सॅन डिएगोहून अँथनी रिझो आणला, ड्राफ्टमध्ये ब्रायंट आणि काइल श्वार्बर घेतले, आधीच्या कारभाऱ्यांनी निवडलेला हावियर बाएझ जपला. पिचर आले ते असे: रायन डेम्पस्टर विकून काइल हेंड्रिक्स, स्कॉट फेल्डमन विकून जेक अरिएटा, आणि संघ तयार होतोय असं दिसल्यावर बाजारातून १५ कोटी ५० लाख डॉलरला जॉन लेस्टर. २०१६ला १०८ वर्षांचा दुष्काळ संपला. अरिएटाचा सौदा तर बाल्टिमोरचे लोक आजही आठवतात, अर्थात हळहळत.

कब्जचा एक डावपेच मात्र मला आजही खुपतो. २०१५च्या सुरुवातीला ब्रायंट सगळ्यांपेक्षा चांगला खेळत होता, तरी त्याला मायनर लीगमध्ये ठेवलं आणि १७ एप्रिलला वर आणलं. पूर्ण वर्षाच्या सेवेला १७२ दिवस लागतात, त्याचे भरले १७१. एका दिवसाने संघाला त्याचं एक जास्तीचं वर्ष मिळालं. त्याने दाद मागितली, हरला. कागदावर संघ बरोबर होता. पण ज्याच्याभोवती घर बांधायचं त्याच्याशीच पहिला व्यवहार असा करायचा? जुलै २०२१च्या शेवटी दोन दिवसांत रिझो, बाएझ आणि ब्रायंट तिघेही विकले गेले.

दक्षिणेकडच्या व्हाइट सॉक्सचा प्रयोग कागदावर कब्जपेक्षा देखणा होता. डिसेंबर २०१६मध्ये ख्रिस सेल बॉस्टनला देऊन योआन मोंकाडा आणि मायकेल कोपेक, ॲडम ईटन वॉशिंग्टनला देऊन लुकास जिओलिटो, पुढे होसे किंताना थेट कब्जला देऊन एलॉय हिमेनेझ आणि डिलन सीज. मोंकाडा आणि हिमेनेझ देशातल्या सर्वांत नावाजलेल्या पोरांपैकी होते. हिमेनेझला तर मेजर लीगमध्ये एकही सामना खेळण्याआधी ४ कोटी ३० लाखांचा सहा वर्षांचा करार दिला, लुइस रॉबर्टलाही पदार्पणाआधीच ५ कोटींचा. पैसे वाचवण्याच्या या चालीचं तेव्हा कौतुक झालं. २०२१ला ९३ सामने जिंकून गट जिंकला, आणि तिथून उतरंड लागली. हिमेनेझ आणि रॉबर्ट सारखे जायबंदी होत राहिले. भोवती जी भर घालायला हवी होती, ती घातली गेली नाही. २०२४ला हा संघ १२१ सामने हरला, आधुनिक काळातला उच्चांक. खांब निवडणं चुकलं की बाकीचं बांधकाम चुकलं? माझ्या मते दोन्ही. एकाच वयाचे आणि सारखे जायबंदी होणारे दोन-तीन फलंदाज एकत्र आले की एका पडण्याने सगळेच हलतात. त्यातही बोचरी गोष्ट अशी, की पुनर्बांधणी सुरू होण्याच्या सहा महिने आधी याच संघाने सतरा वर्षांचा फर्नांडो तातीस ज्युनियर एका उतरत्या पिचरसाठी सॅन डिएगोला देऊन टाकला होता.

बाल्टिमोरकडे वळू. २०१८मध्ये ११५ सामने हरल्यावर त्यांनी ह्यूस्टनचाच माणूस, माइक इलायस, जनरल मॅनेजर म्हणून आणला. २०१९च्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड त्यांची होती आणि त्यांनी कॅचर ॲडली रचमन घेतला. दुसरी निवड कॅन्सस सिटी रॉयल्सची, त्यांनी शॉर्टस्टॉप बॉबी विट ज्युनियर घेतला. हे दोघे पुढे समोरासमोर येणार होते.

दरम्यान बाल्टिमोरने ट्रे मॅन्चिनीला विकलं. आठव्या फेरीत मिळालेला, २०१९ला ३५ होमरन मारणारा, २०२०मध्ये आतड्याच्या कर्करोगाशी झुंजून परतलेला खेळाडू. गावाचा जीव त्याच्यात होता. ऑगस्ट २०२२मध्ये, संघ अनपेक्षितपणे बाद फेरीच्या शर्यतीत असताना, त्याला ह्यूस्टनला पाठवलं. हिशेबाने बरोबर: तो तिशीचा, करार संपत आलेला. तरी मला हा सौदा चुकीचा वाटतो. पाच वर्षं हरताना पाहणाऱ्या लोकांना त्या दोन महिन्यांत मॅन्चिनी बघायला मिळायला हवा होता. संघ बाद फेरीपासून तीन सामने मागे राहिला.

२०२३ला बाल्टिमोर १०१ सामने जिंकलं. त्याच वर्षी रॉयल्स १०६ हरले. मग रॉयल्सने अशी गोष्ट केली जी हरणारे छोटे संघ सहसा करत नाहीत. फेब्रुवारी २०२४मध्ये विटला ११ वर्षांचा, २८ कोटी ८० लाख डॉलरहून मोठा करार दिला, आणि त्याच हिवाळ्यात सेथ लुगो, मायकेल वाका असे अनुभवी पिचर विकत घेतले. २०२४च्या ऑक्टोबरात बाद फेरीच्या पहिल्याच मालिकेत बाल्टिमोर विरुद्ध कॅन्सस सिटी. पहिला सामना १–०, दुसरा २–१, दोन्ही रॉयल्सनी जिंकले, आणि दोन्ही वेळा निर्णायक धाव विटच्या फटक्यावर आली. पुढच्या वर्षी बाल्टिमोर आपल्या गटात तळाला गेलं.

रॉयल्सच्या उलट टोकाला वॉशिंग्टन. २३ वर्षांच्या हुआन सोटोने ४४ कोटींचा प्रस्ताव नाकारल्यावर ऑगस्ट २०२२मध्ये त्यांनी त्याला विकलं. बदल्यात आलेले जेम्स वूड, सी. जे. एब्राम्स, मॅकेन्झी गोर हे उत्तम खेळाडू. या सौद्यात वॉशिंग्टनने जवळपास सगळं बरोबर केलं, तरी २०२५ला ते ९६ सामने हरले. पोरांना खेळवायचं की पोरांची संख्या वाढवायची, हा प्रश्न तिथे तसाच आहे.

एवढं सगळं पाहिल्यावर माझा कौल असा: खांब मैदानाच्या मधल्या रेषेतला फलंदाज असावा, शॉर्टस्टॉप किंवा सेंटरफिल्डर, पदार्पणाच्या वेळी बावीस-तेविशीचा. कॅचर शेवटी, कारण त्याचे गुडघे लवकर थकतात. पिचर तर कधीच नाही, तो बाजारातून आणावा. आकडे चांगले आहेत की नाहीत यापेक्षा तो दरवर्षी काही नवं शिकतो का ते पाहावं. आणि असा माणूस सापडला की सहाव्या वर्षाची वाट न बघता तिसऱ्या वर्षी, संघाला परवडेल असा नव्हे तर त्याला पटेल असा करार द्यावा. रॉयल्सनी दिला. माझ्या यादीत या क्षणी सगळ्यांत नीट उभा असलेला खांब बॉबी विट ज्युनियर आहे, आणि त्याचा संघ ह्यूस्टनइतका हुशार कधीच म्हणवला गेला नव्हता.