सुटलेले गणित, न सुटलेली भीती

दहावीचा निकाल लागला की अनेक घरांत एक निर्णय झटपट होतो : 'आता गणित नको.' कला शाखेला जाणाऱ्यांचे गणित सुटते. विज्ञान शाखेतही जीवशास्त्र घेऊन वैद्यकीयकडे वळणारी बरीच मुले ते सोडून देतात. 'सुटणे' हा शब्द मराठीत मोठा गमतीचा आहे. उदाहरण सुटले म्हणजे उत्तर मिळाले आणि विषय सुटला म्हणजे बला टळली. बहुतेकांचे गणित या दुसऱ्या अर्थाने सुटलेले असते.

पण ते फार काळ लांब राहत नाही. मानसशास्त्र घेतले की मागोमाग संख्याशास्त्र येते. बी.एस्सी. नर्सिंगला संशोधनाबरोबर संख्याशास्त्र शिकावे लागते. समाजकार्य, अर्थशास्त्र, व्यवस्थापन, कुठेही गेले तरी टक्केवारी, सरासरी आणि आलेख पाठ सोडत नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाखांमधल्या भिंती कमी करायचे ठरवले आणि गणित मुख्य विषय नसलेल्यांसाठी गणिताचे दार पुन्हा उघडले. हे गणित आता वर्गात फळ्यासमोर बसूनच शिकावे लागते असे नाही, मोबाइल किंवा लॅपटॉपवरही शिकता येते. केंद्र सरकारचे 'स्वयम' हे व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये सुरू झाले. आयआयटी आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांचा 'एनपीटीईएल' हा उपक्रम त्याहून जुना. त्यावरचे अभ्यासक्रम साधारण ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे असतात. शिकणे मोफत असते, प्रमाणपत्र हवे असेल तर शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. आयआयटी मद्रासच्या डेटा सायन्सच्या ऑनलाइन पदवीला तर बारावीची कोणतीही शाखा चालते, मात्र पहिल्याच पायरीवर गणित आणि संख्याशास्त्र असते.

आरोग्याच्या सदरात गणिताचे काय काम, असे कोणी विचारेल. काम दोन प्रकारचे आहे. हे गणित आले नाही तर आरोग्याचे निर्णय चुकतात, हे एक. आणि ते शिकताना आड येणारी भीती ही शरीराला जाणवणारी गोष्ट आहे, हे दुसरे.

कितीपैकी किती?

गणित मुख्य विषय नसलेल्यांच्या अभ्यासक्रमात सहसा त्रिकोणमितीची लांबलचक सूत्रे नसतात. टक्केवारी, गुणोत्तर, चक्रवाढ व्याज, आलेख वाचणे, तर्क, सरासरी आणि संभाव्यता हा त्याचा गाभा. ही सगळी रोजच्या व्यवहाराची हत्यारे आहेत. अमेरिकेत हा धडा उशिरा घेतला गेला. तिथल्या दोन वर्षांच्या महाविद्यालयांत बीजगणिताच्या पूर्वतयारीच्या वर्गातच असंख्य विद्यार्थी अडकून पडत. म्हणून कार्नेगी फाउंडेशनने २०११ पासून 'स्टॅटवे' नावाचा वेगळा मार्ग काढला. पूर्वतयारी आणि महाविद्यालयीन संख्याशास्त्र दोन्ही एकाच वर्षात, तेही रोजच्या जगण्यातल्या प्रश्नांतून.

अशा गणिताची किंमत किती, याचे एक उदाहरण ब्रिटनमधले आहे. ऑक्टोबर १९९५ मध्ये तिथल्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला, की नव्या प्रकारच्या काही गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. 'दुप्पट' म्हणजे शंभर टक्के वाढ. बातमी पसरली, घाबरलेल्या असंख्य स्त्रियांनी गोळ्या बंद केल्या. प्रत्यक्षात धोका ७ हजार स्त्रियांमागे एकीवरून दोघींवर गेला होता. गोळ्या बंद झाल्याने नको असलेली गर्भारपणे वाढली आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये अंदाजे १३ हजार गर्भपात जास्त झाले. गर्भारपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही अधिक असतो, ही त्यातली आणखी वाईट गोष्ट. आकडा खोटा नव्हता. 'कितीपैकी किती?' हा प्रश्न मात्र फार थोड्यांनी विचारला.

दुसरे उदाहरण तपासणीच्या रिपोर्टचे. समजा, एक आजार १०० पैकी एका स्त्रीला आहे. आजार असेल तर चाचणी १०० पैकी ९० वेळा तो पकडते. आजार नसतानाही १०० पैकी ९ वेळा ती चुकून पॉझिटिव्ह येते. तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर आजार असण्याची शक्यता किती? बहुतेक जण '९० टक्के' म्हणतात. आता टक्केवारी बाजूला ठेवा आणि माणसे मोजा. १००० स्त्रियांपैकी आजारी १०, त्यांतल्या ९ जणी पॉझिटिव्ह. निरोगी ९९०, त्यांतल्याही सुमारे ८९ जणी पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह ९८ आणि त्यांत खरोखर आजारी ९. म्हणजे शक्यता ९० नव्हे, जेमतेम ९ टक्के. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर यांनी हाच प्रश्न १६० स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारला, तेव्हा बरोबर उत्तर जेमतेम पाचव्या हिश्शाला आले. टक्क्यांऐवजी माणसे मोजायला शिकवल्यावर ८७ टक्के डॉक्टरांचे उत्तर बरोबर आले. हुशारी तीच होती, फक्त मांडणी बदलली. पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन रात्रभर जागणाऱ्या माणसाला या चार ओळींच्या हिशेबाचा किती आधार होईल! रिपोर्ट दुर्लक्षित करायचा असा याचा अर्थ नाही. पुढची खात्रीची तपासणी का सांगितली जाते, हे त्यातून कळते.

भीती उदाहरणात नसते, उंबरठ्यावर असते

गणिताची भीती हा नुसता वाक्प्रचार नाही. ती मोजण्याची प्रश्नावली १९७२ मध्येच तयार झाली होती. मनात हिशेब करताना आपण काही आकडे तात्पुरते धरून ठेवतो. १७ गुणिले ६ करताना 'सात सक बेचाळीस, हातचे चार' हे जिथे थांबते, ती कार्यकारी स्मृती. तिची जागा मुळातच थोडी. 'मला जमणार नाही, लोक हसतील' हे विचार त्याच जागेत ठाण मांडतात आणि हातचे चार बाहेर पडतात. म्हणजे घाबरलेल्या मुलाला गणित येत नाही असे नाही. त्या क्षणी त्याच्या डोक्यात गणिताला जागाच उरत नाही.

आमच्या ओपीडीत परीक्षेच्या दिवसांत धडधड, तळहाताला घाम, पोटात कळ अशा तक्रारी घेऊन तरुण मुले-मुली येतात. ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड सगळे ठीक. कला शाखेच्या अशाच एका विद्यार्थिनीला विचारले, "नेमके कधी होते?" ती म्हणाली, "संख्याशास्त्राचं लेक्चर उघडायचं म्हटलं की." "आणि सोडवायला बसल्यावर?" थोडा विचार करून ती म्हणाली, "तेव्हा कमी होतं. पण मी बसतच नाही ना!"

तिचे निरीक्षण अचूक होते. शिकागो विद्यापीठातील इयन लायन्स आणि सियान बायलॉक यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गणिताला घाबरणाऱ्यांच्या मेंदूचे फंक्शनल एमआरआय केले. 'आता गणित येणार' अशी खूण दिसताच मेंदूतील इन्शुला हा भाग जागा झाला. शारीरिक वेदनेच्या जाणिवेशी निगडित असलेला हा भाग. प्रत्यक्ष गणित सोडवताना मात्र असे दिसले नाही. दुखते ते गणिताच्या चाहुलीने. म्हणूनच टाळाटाळ केली की तेवढ्यापुरते बरे वाटते आणि भीती पक्की होते.

यावर उताराही आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात तिसरीतल्या मुलांना ८ आठवडे एकास एक शिकवणी दिली. जास्त घाबरणाऱ्या मुलांची भीती कमी झाली, आणि भीतीशी निगडित अमिग्डला या भागाची जादा हालचालही शांत झाली. या मुलांना ना गोळी दिली होती, ना नुसता धीर. धीराने, पायरीपायरीने करवून घेतलेले गणितच त्यांना उपयोगी पडले.

पडद्याचे सुख आणि सापळा

ऑनलाइन वर्ग घाबरणाऱ्याला मोठी सवलत देतो. फळ्यासमोर उभे करणारे कोणी नाही, मागच्या बाकावरून हसणारे कोणी नाही. समजले नाही तर शिक्षकांना दहा वेळा मागे नेता येते, ते चिडत नाहीत. सहावीचा अपूर्णांक विसरला असेल तर कोणाला न कळता सहावीत जाऊन येता येते.

पण सापळाही इथेच आहे. कसलेला शिक्षक उदाहरण सोडवताना पाहिले की प्रत्येक पायरी पटते. 'कळले' असे वाटते. व्हिडिओ संपवून कोरा कागद पुढे घेतला की पहिली पायरीही सुचत नाही. काठावर बसून पोहणे पाहिल्याने पोहता येत नाही, तसेच हे. हार्वर्डमध्ये २०१३ साली झालेल्या एका प्रयोगात संख्याशास्त्राचे २१ मिनिटांचे ऑनलाइन व्याख्यान चार तुकड्यांत दाखवले. एका गटाला प्रत्येक तुकड्यानंतर छोटी चाचणी दिली. त्या गटाचे मन भरकटण्याचे प्रमाण निम्म्यावर आले, त्यांनी टिपणे जास्त काढली, त्यांना विषय अधिक आठवला, आणि शेवटच्या परीक्षेची धास्तीही कमी वाटली. म्हणजे छोट्या चाचण्यांनी मोठ्या परीक्षेची भीती वाढली नाही, उलट उतरली.

दुसरी अडचण टिकून राहण्याची. हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्या १०० जणांपैकी सुमारे तिघांनीच अभ्यासक्रम पूर्ण केला. नाव नोंदवायला एक क्लिक पुरतो, त्यामुळे सगळेच गंभीर नसतात, हे खरे. तरी १२ आठवडे एकट्याने बसायचे तर उत्साह पुरत नाही, वेळापत्रक लागते.

मात्रा आणि पथ्य

रोज ३० ते ४० मिनिटे बसा. रविवारी सलग चार तास बसण्यापेक्षा हे फलदायी, कारण विसरायला लागण्याच्या सुमारास पुन्हा आठवले की ते जास्त टिकते. वेळ आणि जागा ठरलेली असू द्या. 'करू की नको' हा विचार जितका कमी, तितका उंबरठा लहान.

व्हिडिओ पाहताना वही-पेन हातात हवे. शिक्षकांनी उदाहरण लिहिले की लगेच व्हिडिओ थांबवा, तीन मिनिटे स्वतः प्रयत्न करा, मग पुढे जा. उत्तर चुकले तरी हरकत नाही, कुठे चुकले हे पाहण्यासाठीच थांबायचे आहे. दुसऱ्या दिवशी नवे सुरू करण्यापूर्वी कालचे एक उदाहरण कोऱ्या कागदावर सोडवा.

सरासरीची दहा उदाहरणे एकापाठोपाठ सोडवली की हात बसल्यासारखा वाटतो. पण परीक्षेत आणि जगात उदाहरणावर प्रकरणाचे नाव लिहिलेले नसते. म्हणून सरासरी, टक्केवारी, संभाव्यता अशी सरमिसळ करून सोडवा. सरावात चुका थोड्या जास्त होतील, पण परीक्षेत फायदा होतो, असे प्रयोगांत दिसले आहे.

परीक्षेआधी फार धास्ती वाटत असेल तर दहा मिनिटे ती धास्तीच कागदावर लिहून काढा. या साध्या उपायाने घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण सुधारल्याचा अभ्यास २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. आणि रात्र जागून अभ्यास नको. शिकलेले पक्के बसते ते झोपेत.

पालकांसाठीही एक पथ्य आहे. 'आमच्या घरात गणित कोणालाच जमत नाही' हे वाक्य मुलांसमोर बोलू नये. ते वंशपरंपरेचे प्रमाणपत्र ठरते.

काही वेळा मात्र प्रश्न सवयीचा नसतो. लहानपणापासून संख्या लहान की मोठी हेच उमगत नसेल, घड्याळ आणि सुट्टे पैसे यांतही सतत गोंधळ होत असेल, तर डिस्कॅल्क्युलिया म्हणजे गणनाची अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. हा आळस नाही, त्याची रीतसर तपासणी होते. तसेच धडधडीचे झटके वारंवार येत असतील, झोप-जेवण उडाले असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर अभ्यासाचे वेळापत्रक बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा. सरकारची 'टेलिमानस' ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

हे सगळे तरुणांसाठीच आहे असेही नाही. 'स्वयम'वर नाव नोंदवायला वयाची अट आडवी येत नाही. चाळिशी-पन्नाशीतल्या ज्यांना घरातले रिपोर्ट, विम्याचे हप्ते आणि वर्तमानपत्रातले 'धोका इतक्या टक्क्यांनी वाढला' हे समजून घ्यायचे आहे, त्यांनी ४ किंवा ८ आठवड्यांचा छोटा अभ्यासक्रम निवडावा. प्रमाणपत्राची घाई नको. पहिल्या आठवड्याचा गृहपाठ मात्र व्हिडिओ न पाहता, आपल्या हाताने, कागदावर पूर्ण करावा. तो झाला की दुसऱ्या आठवड्याचे लेक्चर उघडताना हात तितकासा थांबत नाही.