ट्रॅक्टरवर लहान मुलांना बसवू नका

शाळेला सुट्टी असली, की रोटाव्हेटर मारायला निघालेल्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर पाच-सहा वर्षांचे मूल बसलेले गावोगाव दिसते. मुलाला हौस असते, वडिलांना कौतुक असते आणि बऱ्याचदा घरी सांभाळायला कोणी नसते. “मी सावकाश चालवतो, काही होत नाही,” असे शेतकरी सांगतात. मात्र सावकाश चालवल्याने पडलेले मूल वाचत नाही. त्याचे कारण समजून घ्या.

वेग कमी, तरी वेळ नाही

ताशी ४ किलोमीटर वेगाने चालणारा ट्रॅक्टर एका सेकंदात सुमारे १.१ मीटर पुढे जातो. मडगार्डवर बसलेले मूल मागच्या चाकापासून हातभर अंतरावर असते. बांधावर किंवा ढेकळात धक्का बसून ते खाली पडले, तर तुमच्या लक्षात येऊन पाय क्लच-ब्रेकवर जाईपर्यंत चाक त्याच्यापर्यंत पोचलेले असते. चाकातून सुटले तरी मागे रोटाव्हेटरची फिरती पाती असतात. “आम्हीही लहानपणी असेच बसायचो,” हे खरे आहे. पण तेव्हा मागे बहुधा नांगर असायचा, फिरते अवजार नव्हे.

मांडीवर बसवणेही धोक्याचेच. मुलाचा हात स्टीअरिंगला किंवा हायड्रोलिकच्या दांड्याला लागतो. ट्रॅक्टरला एकच सीट असते, ती चालकाची.

पीटीओ शाफ्ट

पीटीओ मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९ फेरे फिरतो. ५ सेंटिमीटर जाडीच्या शाफ्टभोवती एका सेकंदात सुमारे १.४ मीटर कापड गुंडाळले जाते. ओढणी किंवा सदऱ्याचे टोक अडकल्यावर ओढून काढायला वेळच मिळत नाही. म्हणून शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे आवरण काढून ठेवू नका. तुटले असल्यास आधी बदला, मगच अवजार जोडा.

घरी पाळायचे नियम

- ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी खाली उतरून चारही बाजूंनी फेरी मारा. मूल कुठे आहे, हे डोळ्यांनी पाहा.
- मागे घेताना मोठ्या माणसाला बाजूला, तुम्हाला दिसेल असे उभे करा.
- काम थांबले की अवजार जमिनीवर टेकवा, हँडब्रेक ओढा, चावी काढून खिशात ठेवा. उतारावर चाकाला दगड लावा.
- ट्रॉलीच्या सावलीत मुलांना झोपवू किंवा खेळू देऊ नका. ऊसतोडीच्या फडात हे विशेष पाळा.
- शेतात मुले येणारच असतील, तर काम चालू आहे त्यापासून दूर, झाडाखाली जागा ठरवा आणि मोठे माणूस त्यांच्याजवळ ठेवा.
- ट्रॅक्टर भाड्याचा असेल, तर चालकालाही हे आधीच सांगा.

मोठ्या मुलांच्या हाती ट्रॅक्टर?

रस्त्यावर ट्रॅक्टर चालवण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण आणि परवाना आवश्यक आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा मालकास ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. शेतात पोलीस नसतो, पण उलटणारा ट्रॅक्टर वय पाहत नाही.

अपघात झाल्यास

प्रथम इंजिन बंद करा. अडकलेल्याला सोडवण्यासाठी घाईने ट्रॅक्टर पुढे-मागे करू नका किंवा पीटीओ उलटा फिरवू नका. लगेच १०८ क्रमांकावर फोन करा.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

शेतीशाळेत एक सोपे प्रात्यक्षिक घ्या. उभ्या, बंद ट्रॅक्टरच्या मागे अवजाराला लागून तीन फूट उंचीचे भरलेले पोते उभे करा आणि प्रत्येक शेतकऱ्याला सीटवर बसवून “पोते दिसते का?” असे विचारा. तेवढ्याच उंचीचे मूल तिथे असते तर, हा प्रश्न मग वेगळा विचारावा लागत नाही.