घास आणि शब्द, एकाच वाटेवर

(घुग्घुस येथे ज्येष्ठ नागरिकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

तत्त्वज्ञानाचा माणूस लकव्यावर काय बोलणार, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलंच असेल. डॉक्टरांचं काम आम्ही करणार नाही. पण वाणी हा आमच्या विषयातला जुना प्रश्न, आणि सहा वर्षांपूर्वी तो आमच्या घरातच येऊन बसला. थोरल्या बंधूंना लकवा मारला. उजवा हात गेला, वाचा गेली. घरी आणल्यावर आम्ही त्यांना आडवंच ठेवून चमच्यानं पाणी पाजलं. ठसका लागला. आम्ही पाठ चोळली आणि पुन्हा पाजलं. चौथ्या दिवशी ताप, छातीत कफ, न्यूमोनिया. ते वाचले, पण ते पाणी आम्हीच पाजलं होतं.

पाण्यानं असं का व्हावं? घशात श्वासाची आणि अन्नाची वाट काही अंतर एकच असते. घास येताच श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जातं, श्वासनलिकेवर झाकण येतं. हे सगळं जेमतेम सेकंदभरात. लकव्यानंतर ही हालचाल मंदावते. घट्ट घास हळू सरकतो, त्याला थांबवायला घशाला अवधी मिळतो. पाणी मात्र झाकण पडायच्या आत खाली धावतं. म्हणजे आपण ज्याला सर्वांत साधं समजतो, तेच सर्वांत अवघड. शिवाय काहींना ठसकाही लागत नाही, अन्न मुकाट्यानं फुफ्फुसात जातं. खाल्ल्यावर आवाज ओला, घरघरता येतो, वारंवार ताप येतो, त्यावरून संशय घ्यावा.

आपली वर्णमाला पाहा. क-वर्ग कंठाजवळ, मग टाळू, मूर्धा, दात, आणि शेवटी प-वर्ग ओठांवर. प्राचीन शिक्षाकारांनी आतून बाहेर अशी ही वाट आखली. घास याच वाटेनं उलटा जातो, ओठांकडून कंठाकडे. अवयव तेच, म्हणून बोलणं आणि गिळणं दोन्ही एकच तज्ज्ञ पाहतो. तो रुग्णाला 'प-ट-क, प-ट-क' भराभर म्हणायला लावतो तेव्हा आम्हाला आधी हसू आलं होतं. पण प ला ओठ, ट ला जिभेचा शेंडा, क ला जिभेची मागची बाजू, यांतलं काय अडतंय ते त्यावरून कळतं. गिळणं मात्र वेगळं तपासावं लागतं, नुसत्या अंदाजानं नव्हे.

आता स्वयंपाकघरात येऊ. आपल्याकडे आजाऱ्याला पातळ वरणात कालवलेला भात देतात. त्यात पाणी एकीकडे पळतं, शीत दुसरीकडे राहतं. अशा घशाला ही जोडगोळी त्रासाची. त्यापेक्षा एकजीव, मऊ आसट भात किंवा घट्ट आंबील बऱ्याच जणांना सोपी जाते. किती घट्ट, हे तज्ज्ञानं ठरवायचं. ताठ बसवावं, छोटा घास द्यावा, पहिला गिळल्याशिवाय दुसरा देऊ नये, जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नये. आणि तोंड रोज स्वच्छ करावं, नाकात नळी असली तरीही. लाळेबरोबर तोंडातले जंतूच छातीत जातात. हनुवटी खाली करून गिळण्याची युक्ती पुष्कळांनी ऐकली असेल, पण ती प्रत्येकाला लागू पडत नाही.

हे आम्ही तपशिलानं सांगतोय, कारण प्रश्न आपल्या दाराशी आहे. शेजारच्या गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या अभ्यासकांनी ८६ गावांतले मृत्यू तपासले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मृत्यूचं पहिलं कारण लकवा निघालं, जवळपास दर सात मृत्यूंमागे एक. त्यांतले बहुतेक मृत्यू घरीच झाले होते. चमचा हातात असतो तो घरच्याच माणसाच्या. खर्ऱ्याचं तर बोलायलाच नको. तोंड दोन बोटंही उघडत नाही अशी तरणी पोरं आपल्या गावात आहेत. ती म्हातारी होतील तेव्हा काय खातील?

उरला शब्द. वाचा गेली म्हणजे बुद्धी गेली, हा आमचाही समज होता. १८६१ साली पॅरिसमध्ये ब्रोका या शल्यचिकित्सकानं एक रुग्ण पाहिला. त्याला 'तान' एवढंच म्हणता येई, पण बोललेलं पुष्कळसं त्याला कळत होतं. भर्तृहरीच्या परंपरेत वैखरी ही वाणीची फक्त बाहेरची पायरी. आम्ही हे तीस वर्षं वर्गात शिकवलं, आणि बंधूंसमोर बसून त्यांच्याबद्दल बोलत राहिलो, जणू ते खोलीत नाहीतच! एकदा वहिनींनी दागिने विकण्याचा विषय काढला, तर त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या.

सगळ्यांचंच कळणं असं शाबूत राहतं असं नाही. काहींना दुसऱ्याचं बोलणंही उमगत नाही. आणि मेंदूची गंमत अशी की वहिनींचं नाव येत नव्हतं, पण आरती अख्खी येई, एक ते दहा येत, शिवीही स्पष्ट येई. तज्ज्ञ त्याचाच धागा पकडतो. ओळखीची चाल लावून शब्द काढून घेतो. सहा महिन्यांनंतर काही सुधारत नाही, ही समजूत सोडून द्या. वेग कमी होतो, एवढंच. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे, पण इथून मुंबई किती लांब! आधी चंद्रपूर-नागपूरच्या शासकीय रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात चौकशी करा. अशा रुग्णाशी बोलताना टीव्ही बंद ठेवा, एका वेळी एकच प्रश्न विचारा, उत्तराला वेळ द्या. त्याचं वाक्य आपण पुरं करू नये.

आम्ही अजून करतो. मग बंधू डाव्या हातानं टेबलावर थाप मारतात, आणि 'च... चहा' एवढं स्वतःच म्हणतात. तो चहा ताठ बसून, घोट घोट, अर्धा तास चालतो.