लेकरांचं पुस्तक तपासायचं कोणी?



आपल्या बचत गटात सचिव हिशेब लिहिते, पण तपासते दुसरीच कोणी. सचिवावर अविश्वास असतो म्हणून नव्हे. आपण लिहिलेली चूक आपल्याच डोळ्याला लवकर दिसत नाही, म्हणून. शाळेच्या पुस्तकाचंही तसंच आहे. ज्यानं ते लिहिलं नाही, छापलं नाही आणि जो ते विकतही नाही, अशा माणसानं ते पारखलं, तर ती खरी स्वतंत्र तपासणी.

आपल्या राज्याची पाठ्यपुस्तकं पुण्याची बालभारती तयार करते. हे मंडळ १९६७ साली स्थापन झालं. तिथं प्रत्येक विषयाची समिती असते. तरी बाहेरच्या नजरेची गरज उरतेच. २०१९ साली दुसरीच्या गणितात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन आलं. जोडाक्षरं मुलांना जड जातात, असं गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं. राज्यभर वाद झाला, तो विधानसभेत पोहोचला. बरोबर कोण, ते बाजूला ठेवू. पण हा सगळा गदारोळ पुस्तक लेकरांच्या हाती पडल्यावर झाला.

तपासणी म्हणजे नुसत्या चुका काढणं नव्हे. त्याच वर्षी दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडतात, असं चित्र आलं. असं चांगलं दिसलं, तर तेही सांगायचं.

खरा प्रश्न पाठ्यपुस्तकाबाहेरच्या वस्तूंचा आहे. सरकारी शाळेत पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. मात्र गाईड, स्वाध्याय पुस्तिका, तक्ते, मोबाईलवरचं ॲप यांना आपला मजुरीचा पैसा लागतो. त्यांच्यावर अशी समिती बसलेली असेलच, असं नाही. आणि चुकीचं उत्तर पाठ झालं, की ते पुसणं फार कठीण.

मग गटानं काय करायचं? विकत घेण्याआधी एकच प्रत आणायची. दोघींनी ती वेगवेगळी वाचायची, एकमेकींना न विचारता. मग चार गोष्टी पाहायच्या. उत्तरं पाठ्यपुस्तकाशी जुळतात का? पुस्तक याच वर्षीच्या अभ्यासक्रमाचं आहे का? घरी वऱ्हाडी किंवा गोंडी बोलणाऱ्या लेकराला भाषा समजते का? विचार करायला लावणारे प्रश्न आहेत, की नुसतं घोकणं? जे खटकेल ते पान क्रमांकासह लिहायचं. पडताळायला बालभारतीची पुस्तकं इंटरनेटवर मोफत मिळतात. ज्या बाईच्या घरी पुस्तकविक्रीचा धंदा आहे, तिला त्या दिवशी तपासायला बसवायचं नाही.

हा कागद शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मांडायचा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत किमान ७५ टक्के पालक आणि ५० टक्के महिला असायला हव्यात. म्हणजे तिथं बोलणं हा आपला हक्क आहे, कोणाचे उपकार नाहीत.

आपल्यातल्या काही जणी म्हणतील, आम्ही कुठं शिकलेल्या? त्यांनी लेकराला धडा मोठ्यानं वाचायला लावावा आणि मग विचारावं, “सांग बरं, काय समजलं?” लेकरू अडलं, ती जागा खूण करून ठेवावी. तपासणीची सुरुवात तिथूनच होते.